गुरुमूर्तींचं श्वासाचं यंत्र

चेन्नई,
१२ फेब्रुवारी १९९८

ती. उमाकांतदादास,

अशोकचा नमस्कार. आई बरी आहे, गुडघे मात्र धरलेत. वहिनींना नमस्कार सांग. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत.

मी हल्ली श्वासाची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत आहे. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो, श्वास अडतो. ती रात्रभर घोरतात, गुदमरतात आणि दिवसा बसल्या जागी पेंगतात. त्यांच्या नाकावर मास्क बांधून यंत्राने हवा सोडायची. पेशंटच्या घरी जाऊन मास्कचे पट्टे आणि हवेचा वेग सोसतील असे बसवून देणं हे माझं काम.

वाचताना तुला कोण आठवलं? मला पहिल्याच दिवशी बाबा आठवले. डॉक्टरांना त्यांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आळस कसला, हा आजारच असणार."

गेल्या महिन्यात इथल्या तिरुवल्लिकेणी भागात एका घरी गेलो. दार अलमेलू मामींनी उघडलं; इथे वयस्क बाईंना मामीच म्हणतात. आत खुर्चीत तोंड उघडं टाकून, भर सकाळी झोपलेला त्यांचा नवरा म्हणजे गुरुमूर्ती. बाबांच्या कारखान्यातले मॅनेजर. मशीनसमोर डोळा लागलेल्या बाबांचा फोटो काढून ज्यांनी नोटीस बोर्डावर लावला, खाली 'आमचा कुंभकर्ण' लिहायला लावलं आणि आठवड्यात त्यांना घरी बसवलं, तेच. त्यांनी मला ओळखलं नाही.

पट्टे मी नीट बसवले. मग एक गोष्ट केली. या यंत्रात सोय असते: आधी हवा मंद येते आणि डोळा लागेपर्यंत हळूहळू वाढते. ती सोय मी बंद केली. पहिल्या क्षणापासून पुरा वारा तोंडावर. डॉक्टरांनी लिहिलेला दाब तोच ठेवला, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. "सवय होईल," म्हणालो.

नऊ दिवसांत तीनदा फोन आला. मी गेलो नाही. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवसांत छान झोप लागली.

दहाव्या दिवशी मामीच बसने आमच्या ऑफिसात आल्या. इथे धाकट्या भावाला तंबी म्हणतात, तशी मला हाक मारून म्हणाल्या, "तंबी, ते मास्क ओढून फेकतात. काल जेवताना पानावरच झोपले. सून हसली. रडले रे ते."

गेलो. गुरुमूर्ती म्हणाले, "घरात सगळ्यांना वाटतं, मी सोंग करतो."

"आमच्या बाबांनाही असंच म्हणायचे," मी म्हणालो. "वसंतराव केळशीकर. फोटो तुम्हीच काढला होता."

मामींनी विचारलं, "कसला फोटो?" मी सगळं सांगितलं, सुनेच्या देखत. मग यंत्राला हात न लावता कोरा कागद गुरुमूर्तींपुढे ठेवला आणि म्हणालो, "बाबांबद्दल खरं काय ते लिहून द्या."

"नाही लिहिलं तर?"

"तर मी निघतो."

त्यांनी लिहिलं. 'वसंतराव कामचुकार नव्हते. आजारी होते. मी त्यांची विटंबना केली.' खाली सही.

मगच मी ती सोय सुरू केली. वीस मिनिटांत त्यांना झोप लागली. घोरणं नाही, गुदमरणं नाही. मामी त्यांच्या छातीकडे बघत उभ्या होत्या. बाबांना एवढंच हवं होतं, असं मनात आलं आणि माझा राग होता तिथेच राहिला.

आईला कागद वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "उमाकांतला पाठव." झेरॉक्स सोबत आहे.

दादा, तो फोटो लागला त्या संध्याकाळी तू म्हणालास, "असल्या बापाचं नाव लावायची लाज वाटते." बाबा खुर्चीत मान टाकून बसले होते. ते झोपलेत असं तुला वाटलं. ते जागे होते. मी समोर होतो, त्यांचे डोळे मी पाहिले. दीड वर्षाने ते गेले, तेव्हा तू आला नाहीस. आईने तुझ्यासाठी दुपारपर्यंत त्यांना हलवू दिलं नव्हतं.

मीही त्या संध्याकाळी गप्पच बसलो. ते माझ्या वाट्याचं, ते मी फेडीन.

गुरुमूर्तींकडून मी जबरदस्तीने लिहून घेतलं. तुझ्यावर तशी जबरदस्ती करणार नाही. एका परक्याची सही झाली आहे, हे फक्त तुला माहीत असावं.

वसंतराव केळशीकरांचा मुलगा,
अशोक