ठोका जागेवर येईना

रहिमतपूर, ता. ९ मार्च १९४९

रा. रा. लालासाहेब मेहुणे, मुक्काम पाटण, यांस केरबाचा रामराम. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि ती मारकी म्हैस, सगळं ठीक असावं. इकडे तुमची बहीण खुशाल आहे. मीही खुशालच आहे, फक्त मला काय झालंय ते मला नीट कळलेलं नाही.

दिवाळीपासून माझ्या पोटात ठोके पडतात. (छातीत पडतात ते वेगळे, ते जुने आहेत.) उताणा झोपलो की धोतराची गाठ वरखाली होते. बेंबी सरकली असेल असं आम्ही धरून चाललो. आता पंचक्रोशीत कुणाचीही बेंबी सरकली, म्हणजे ठोका बेंबीखालून हलून भलतीकडे गेला, की तो चोळून जागेवर आणणारी तुमचीच बहीण. राहीबाईचा हात लागला आणि ठोका आला नाही, असं वीस वर्षांत झालेलं नाही. माझा मात्र येईना. तिनं एरंडेल चोळलं, पोटावर पणती लावून तांब्या पालथा घातला, तर तांब्याच उडायला लागला. घरच्या माणसाचीच बेंबी बसत नाही म्हटल्यावर तिच्या नावाचं काय व्हायचं, या काळजीनं मी दोन महिने बरं वाटतंय असं सांगत राहिलो.

शेवटी गेल्या आठवड्यात पेन्शनच्या कामाचं निमित्त काढून सांगली गाठली. (मिरजेला गाडी बदलताना पिशवी दुसऱ्याच गाडीनं गेली, ते भेटीत सांगेन.) तिथले डॉक्टर माझं पोट बघून इतके खूश झाले की मला माझाच अभिमान वाटला. म्हणाले, पोटातली मोठी धमनी फुगली आहे, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. यावर त्यांचं संशोधन चालू आहे. अशी सहा माणसं जमली होती, सातवा मी. त्यांनी पट्टीनं मापं घेतली, शाईनं पोटावर गोल काढला, तंबाखू किती खातो ते लिहून घेतलं. (मी निम्मी सांगितली.) उपाय विचारला, तर कुणी त्या फुग्यात बारीक तार भरतात, कुणी सिगरेटच्या पाकिटावर असतो तसला चकचकीत कागद त्याला गुंडाळतात. यातलं चांगलं कोणतं? म्हणाले, तेच तर शोधतोय. पलटणीत एवढी वर्षं काढली, पण असा खरं बोलणारा साहेब बघितला नव्हता. येत्या सोमवारी कागदाचं ऑपरेशन ठरलंय. तोवर पोट कुणी चोळायचं नाही. फुगा फुटला तर दहा मिनिटंही मिळायची नाहीत. वाचण्याची आशा निम्मी आहे म्हणतात. निम्मी म्हणजे पुष्कळ की थोडी, हे काही मला अजून ठरवता येत नाही.

असो. लोभ आहेच, तो सोमवारनंतरही राहू द्यावा.

आपला,
केरबा

ता. क. एवढं लांबण लावलं ते यासाठी की राहीबाईला काहीतरी निमित्तानं चार दिवस माहेरी बोलावून घ्या. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज पोटाला हात लावते, आणि मी श्वास धरून पडून राहतो. मला लय भीती वाटते.

ता. क. दुसरा. वरचं रद्द. पाकीट चिकटवताना ती आली, इतके दिवस मी खाली ओढून धरलेला सदरा तिनं वर केला आणि शाईचा गोल बघून म्हणाली, "आवं, मला कवाच कळलंय. ह्यो ठोका सरकल्याला न्हाई, फुगल्याला हाय. म्हयना झाला, म्या चोळतच न्हाई. नुसता हात ठेवते." (मला वाटलं होतं, बाईचा हात हलका झालाय.) मग रोज हात कशाला, असं विचारलं. "चालू हाय का बघाया," म्हणाली, आणि चुलीपुढं जाऊन बसली ती अजून उठलेली नाही. तिला बोलावू नका. सोमवारी तुम्हीच सांगलीला या. मला आत नेल्यावर तिचा हात धरायला कुणीतरी हवं.