मैनेला भेटायला येणाऱ्यांचा चहा

परतूर, ९ नोव्हेंबर १९७४

चि. बद्रीनाथ,

शाळेच्या पायरीवर बसून मी तुला बुटांच्या नाड्या बांधायला शिकवायची आणि तू दोन्ही बूट एकमेकांनाच बांधून उठायचास, ते काल आठवलं. तेव्हा हसू यायचं. आता येत नाही. अक्काचे आशीर्वाद घे. प्रकृती उत्तम असेलच. चार दिवस आमच्या मैना गाईचं दूध प्यायलेल्या माणसाला काय होतंय?

मैनेच्या पोटातून डॉक्टरांनी वीतभर तार काढली, टाके घातले. दुखण्यामुळे ती पान्हा चोरू लागली, म्हणून त्यांनी पान्हा सुटायची हार्मोनची इंजेक्शनं दिली: आठ दिवस, रोज सकाळी एक. कास हलकी होण्यापुरतंच दूध काढायचं, बाकी वासराला. हे तुला मी सांगितलं, तुझ्या दाजींनी सांगितलं. (आमच्या मिशन शाळेतल्या सिस्टर लिहून घ्यायच्या तसं पाटीवर दहादा लिहून घ्यायला हवं होतं.) पण तू स्टेशनापासून मोंढ्याच्या बाजारापर्यंत सांगत सुटलास की गाईचं पोट फाडून शिवलंय. मग काय, माणसाच्या दुखण्याला भेटायला यावं तसं अख्खं परतूर गोठ्यात! शेजारची साळूबाई तर नारळ घेऊन आली. "अक्का, लई वाळली वो बिचारी," म्हणाली आणि बसलीच. आजाऱ्याला भेटायला आलेल्याला चहाशिवाय कसं पाठवायचं, हा तुझा आग्रह. आणि चहाला दूध कुणाचं? मैनेचंच! सकाळी एक इंजेक्शन, दुपारी मंडळी वाढली की तू दुसरं टोचायचास. आजारी तीच आणि पाहुणचारही तिच्याच जिवावर! "चहा किती दाट, गाय बिलकुल बरी झाली," म्हणत लोक गेले. आठ दिवसांचं औषध चार दिवसांत संपवून तूही जालन्याला गेलास.

औषध संपलं आणि कालपासून तिची कास दगड झाली आहे. वासरू ढुशा देऊन थकलं. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत पान्हा सुटला नाही तर सड जाईल. रागाने माझं अक्षर बिघडलंय, तेही तुझ्याच नावावर.

तुझी,
अक्का

ता. क. आमचा गडी कचरू हे पत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो आहे. औषध परतुरात मिळत नाही, तिथून घे आणि आजच्याच गाडीने स्वतः ये. कचरूला तिने लाथ मारली, दाजींना शिंग दाखवलं. तुझ्यापाशी मात्र मुकाट उभी राहायची. (मला हे मुळीच आवडलेलं नाही.)

आणखी एक. इंजेक्शनं डॉक्टरांच्या हातात. पेढे आणलेस तर साळूबाईला. तुला गोठ्यातली बाज. ताट तिथेच पाठवीन. दूध निघालं तर सगळं वासराला. भेटायला कलेक्टर आले तरी त्यांना गुळाचा कोरा चहा, आणि तो तू करायचास.