पडताना तोंड बंद

भटवाडी, घाटकोपर (प.)
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

चि. जान्हवीस,

अनेक आशीर्वाद. तिळगूळ घे आणि गोड बोल, निदान आजचा दिवस तरी. शुक्रवारी खालचे सावंत गावाला निघतायत. आई त्यांच्या हाती तिळाच्या वड्यांचा डबा देणार आहे, त्याच पिशवीत हे पत्र टाकतो. नंदामावशीला सांग, वड्या यंदा जरा कडक झाल्यात, कवळी सांभाळून.

पत्र बघून म्हणशील, हा काय नवीन नखरा, फोन मेला की काय? फोन जिवंत आहे. पण फोनवर तू दर वाक्याला मध्ये घुसतेस आणि मी हो हो करून मोकळा होतो. परवा तसंच झालं. तू म्हणालीस, "खांदा झकास आहे, डॉक्टर हो म्हणालेत, फाइट मास्टरांचा फोन आला होता, फेब्रुवारीत माहुलला जंप आहे आणि दोर तूच धरायचा." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मला घाम फुटला. म्हणून कागद घेतलाय. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

इकडची खबर म्हणशील तर आई बरी आहे, गुडघ्यांची तक्रार जुनीच. लिफ्ट परत बंद पडली आहे. गच्चीवर पतंगवाल्यांनी धुमाकूळ घातलाय. माझं काम चालू आहे. सेटवर विकी तुझी आठवण काढतो. परवा म्हणे त्याने दोन मजल्यांवरून उडी मारली आणि खाली उठून आधी केस नीट केले. डुप्लिकेटचं तोंड कॅमेऱ्यात दिसत नाही हे त्याला कोण सांगणार.

तुझा गेम इथे जोरात आहे. शेजारच्या काशीरामकाकांना कुणीतरी सांगितलं की त्यातली तलवारवाली बाई म्हणजे आपली जान्हवी ओरडते ती, आणि तेव्हापासून त्यांना व्यसन लागलंय. सकाळी पेपर वाचून झाला की दारात खुर्ची टाकतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि मोबाइल नाकाशी धरून खेळत बसतात. फक्त खेळतात फार वाईट. त्यामुळे तू दिवसभर मरतेस. कड्यावरून पडतेस, विहिरीत पडतेस, हत्तीच्या पायाखाली जातेस. तो हत्ती तर त्यांना अजून एकदाही पार करता आलेला नाही. मी दाढी करत असतो तेव्हा तू मरतेस, आम्ही जेवायला बसतो तेव्हा तू मरतेस.

मी एकदा म्हटलं, "काका, आवाज जरा बंद कराल का?" तर आई ओल्या हातांनी बाहेर आली. "बंद करू नकात हां तुमी. चेडू घरात आसल्यासारख्या वाटता माका." काकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि तुला परत कड्यावरून ढकललं.

उठून एक फेरी मारून आलो. हल्ली एका जागी बसवत नाही. आई म्हणते, पायाला भोवरा बांधलाय का. आताही तिने हटकलंच, "खंय चललंस परत?" मी म्हटलं साखर आणायला. साखर घरात दोन किलो आहे. आता परत बसलोय.

जानू, तुझा तो आवाज आला की माझे हात आवळतात. हातात जे असेल ते आवळतात. मागच्या आठवड्यात दुधाची पिशवी फुटली. असल्फ्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षात कुणीतरी खेळत होतं, सिग्नल सुटला, मी बाइक काढली आणि नेमकी तू ओरडलीस. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही ब्रेक दाबले. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या सगळ्या खानदानाची विचारपूस केली. कुणाला लागलं नाही, पण पुढे मी बाइक ढकलतच घरी आणली.

बुधवार

काल काम चालू आहे असं लिहिलं, ते खोटं. कागदावर लिहिलेलं खोडायला लाज वाटते म्हणून तसंच ठेवतो.

ख्रिसमसनंतर अंधेरीला रिहर्सल होती. विकीची उडी, दोरावर मी. साधं काम होतं. तो उतरत होता, मी दोर सोडत होतो, आणि मेकअपवाल्याच्या मोबाइलमधून तू ओरडलीस. मी दोर अडवला. विकी अर्ध्यात लटकून गोल गोल फिरायला लागला. वरूनच म्हणतो, "काय भाई, मला सुकत घातलंस काय?" सगळे हसले. मास्टर हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "राजेश, घरी जा. पोरीचं हाड जुळत आलं. तुझं जुळेपर्यंत दोराला हात लावू नको."

हे त्यांनी तुला सांगितलं नसणार. आपल्या धंद्यात पडणाऱ्याने आपला दोरवाला आपणच निवडायचा, त्यात मास्टरही तोंड घालत नाहीत. तू माझं नाव सांगितलंस, ते गप्प बसले. मग सांगायचं कुणी, तर मीच.

मालाडबद्दल आपण दोघं अजून एकदाही बोललो नाही. हॉस्पिटलात तू क्रिकेटवर बोलत होतीस, मी डब्यात काय आणलंय त्यावर. आता बोलतो.

बाबांनी आपल्याला पहिली गोष्ट कुठली शिकवली? पडताना तोंड बंद. हिरॉइनची किंकाळी नंतर स्टुडिओत भरतात, डुप्लिकेटने ओरडायचं कारणच नाही. म्हणून ती ओरडलीच तर समजायचं की पट्टा सुटलाय, बकल उघडलंय, काहीतरी बिघडलंय. ओरडणं म्हणजे दोर अडव. दुसरी खूण नाही. इतकी वर्षं तू माझ्या हातावर खाली आलीस आणि कधी हूं की चूं केलं नाहीस.

मग तो गेम आला. दिवाळीच्या आधी कितीतरी दिवस तू अंधेरीच्या त्या थंडगार खोलीत माइकसमोर उभी राहून पडत होतीस. प्रत्येक पडण्याला एक किंकाळी. घरी येऊनही बाथरूममध्ये सराव, सगळी बिल्डिंग गोळा व्हायची. आणि मालाडला त्या गोदामाच्या छतावरून तुझे पाय सुटले तेव्हा तोंड आपसूक उघडलं. मी ऐकलं आणि दोर अडवला. तू झोक्यासरशी खांबावर गेलीस. खांदा लागल्याचा आवाज मी ऐकलाय, तो मात्र कुठल्याही गेममध्ये नाही.

पोरं म्हणतात राजेश घाबरला. तू सगळ्यांना सांगत सुटलीस, "माझ्याच तोंडाने घात केला." मी हे सगळं उलटंपालटं करून पाहिलं, चूक कुणाचीच निघत नाही. तू शिकलीस ते केलंस, मी शिकलो ते केलं. चूक निघाली असती तर बरं झालं असतं. माफी मागून, कान पकडून मोकळा झालो असतो.

आता माहुलचं बघ. तू म्हणशील, नाही ओरडणार. पण तुला त्या गेमचा दुसरा भागही करायचाय, आणि तू करावास, तुझा आवाज चांगला लागलाय. म्हणजे सवय जाणार नाही. मागच्या वेळी ओरडलीस, मी अडवला, खांदा गेला. या वेळी ओरडलीस आणि मी मनात म्हटलं की ही तर गेमची सवय, आणि सोडत राहिलो, आणि तेव्हा पट्टा खरोखरच सुटलेला असला तर? अडवला तरी तू मरतेस, सोडला तरी तू मरतेस. दोर हातात घेतला की मला एवढंच दिसतं.

मला भीती वाटते जानू. लिहिलं एकदाचं.

गुरुवार, संध्याकाळ

काल ठरवलं होतं की शेवटी लिहायचं, दोर विकीला दे. तो चांगला आहे, बडबड करतो पण हात स्थिर आहे. तेवढं लिहून पाकीट बंद करणार होतो. पण सकाळी स्टुडिओतून तुझं रेकॉर्डिंग करणाऱ्या त्या उत्तराचा फोन आला. तुला गावात धड रेंज नसते म्हणून माझ्याकडे चौकशी, जान्हवी कधी येणार, दुसऱ्या भागाचं काम उभं राहिलंय. मी म्हटलं, मी येऊन भेटलो तर चालेल का? का म्हटलं ते मलाही ठाऊक नाही. घरात बसवत नव्हतं हेच खरं.

भली मुलगी आहे. मी विचारलं, हिच्या सगळ्या किंकाळ्या मला ऐकवाल का, एकापाठोपाठ? तिने काही न विचारता माझ्या कानांवर हेडफोन चढवला. मला वाटलं होतं, आपण ओळखू. लहानपणी तू खरं रडतेस की नाटक करतेस हे मी भिंतीपलीकडून सांगायचो, आई मलाच विचारायची. म्हटलं मालाडसारखी एखादी सापडेल, तिच्यात नि बाकीच्यांत काय फरक आहे तो कळेल, मग पुढे चूक होणार नाही. तू उंचावरून पडलीस, बुडालीस, जळलीस, बाण लागून मेलीस. सगळ्या खऱ्या वाटत होत्या. एकही ओळखता आली नाही. मी उठायलाच निघालो होतो.

तेवढ्यात उत्तरा म्हणाली, "थांबा ना, एक गंमत ऐकवते. ही गेममध्ये नाही. त्या दिवशी माइकचा स्टँड तिच्या पायावर पडला होता."

तुला आठवतंय का ते? अंगठ्याचं नख गेलं होतं, घरी येऊन सांगितलंस दाराला ठेचलं. मी ऐकलं. आधी धप्पकन आवाज. मग काही नाही. ओरडणं नाही, आई गं नाही. नुसता श्वास अडकलेला. आणि मग हळूच, शेजारच्याला ऐकू जाईल न जाईल असं, तू "दादा" म्हणालीस.

मग लगेच हसलीस आणि एक कचकचीत शिवी घालून उत्तराला म्हणालीस, हे काढून टाक हां. तिने काढलं नाही, बरं झालं.

मी तेव्हा तिथे नव्हतोच. कुठेतरी विक्रोळीला टायर बदलत असेन. आणि सेटवर तर तू मला राजेश म्हणतेस. तूच ठरवलंस, दादा म्हटलं की पोरं चिडवतात, कामाच्या ठिकाणी नाती नकोत. मीही म्हटलं बरोबर आहे. इतकी वर्षं सेटवर एकदाही तुझ्या तोंडून दादा निघालेलं नाही. हेडफोन काढून मी बाहेर गेलो आणि कूलरपाशी उभा राहून रडलो. उत्तरा मागे आली, पाणी देऊ का म्हणाली. मी म्हटलं मिरची लागली. कसली मिरची आणि कुठली, देव जाणे.

घरी आलो, माळ्यावरून जुना दोर काढला. जिन्याच्या कठड्यावरून घेतला, खाली पाण्याने भरलेली बादली बांधली आणि काकांना म्हटलं, "काका, खेळा. तुम्ही हिला पाडा, मी बादली उतरवतो." पहिल्यांदा तू ओरडलीस, बादली जागच्या जागी अडकली. दुसऱ्यांदा अडकली. तिसऱ्यांदा मी इतका घाबरलो की एकदम सोडली, खालच्या मजल्यावरची सुलक्षणा भिजली, तिने वर येऊन आपलं गोत्र काढलं. आई म्हणाली, "ह्या घरात शाना कोण आसा काय नाय?" पण बघायला दारात उभी राहिली. दिवेलागणीपर्यंत तू ओरडत होतीस आणि बादली सावकाश खाली जात होती. हात आवळतात अजून, नाही असं नाही. पण आवळले तरी सोडता येतं. काका म्हणतात ते माझ्यासाठी मुद्दाम हरतायत.

तेव्हा ऐक. माहुलला दोर मी धरतो, पण एका अटीवर. बाबांचा नियम आता आपल्याला पुरत नाही. त्यांच्या वेळी पडायचे पैसे वेगळे नि ओरडायचे वेगळे मिळत नव्हते. ओरडलीस तर मी दोर अडवणार नाही. कितीही ओरड, माहुलचं सगळं गाव गोळा होऊ दे, मी सोडत राहीन. पण पट्टा सरकला, पाय अडकला, नुसतं मनात काही चुकलंसं वाटलं, तर त्या माइकपाशी मारलीस तीच हाक मार, फक्त मोठ्याने. जमीन हातभर राहिली असली तरी तिथल्या तिथे धरीन.

आलीस की आधी जिन्यात, मग गादीवर, मग एका मजल्यावरून करून बघू. नाही जमलं तर मी स्वतः दोर विकीच्या हातात देईन, तुला विचारणार नाही. अट मान्य नसेल तर आताच सांग. आईला अजून माहुलचं बोललो नाही. बादली बघून तिला कळलं असावं, कारण वड्यांच्या डब्यात तिने तुझ्या खांद्यासाठी तेलाची बाटली ठेवली आहे.

सेटवर पोरं चिडवतील. चिडवू देत. तिथे मला राजेश म्हणू नकोस.

तुझा,
दादा