आईची सळई

प्रिय एर्सिलिया,

तू पाठवलेली पीचची पेटी मिळाली. फळं गोड आहेत. सोबतची चिठ्ठीही वाचली, "ताई, पुढच्या जत्रेचीही फुसिल्ली मीच पाठवणार." उत्तर द्यायला बसले खरी, पण हात पुन्हा पुन्हा थांबतोय.

आठवतं, आईने शेवटच्या आजारपणात तिची चौकोनी लोखंडी सळई माझ्या हातात दिली? आपल्याकडे ती थोरलीला मिळते. पण तू रडलीस, "ताई, मला दे ना गं, मी रोज वळीन, आईचा हात विसरू देणार नाही." मी विरघळले. तेव्हापासून तेवीस वर्षं मी मोडक्या छत्रीच्या काडीवर फुसिल्ली वळतेय. कणकेचा तुकडा काडीवर दाबायचा, तळव्याने एकदा पुढे, एकदा मागे, की अलगद ओढून काढायचा, आत आरपार भोक राहतं. बायका चिडवायच्या, "नुन्झियाता, पाऊस आला तर काय करशील गं?" मी म्हणायचे, सळई योग्य हाती आहे, मला काडी पुरे.

ऑगस्टच्या जत्रेला तुझ्या सालेर्नोच्या खानावळीतून पातेली आली. चर्चपुढे सगळं गाव जेवायला बसलं. मी एक फुसिल्ली उजेडात धरली. आरपार भोकच नाही! नुसता पीळ, स्क्रूला असतो तसा. बोकडाचा रस्सा आत शिरणार कुठून? कारखान्यातली होती ती, पाकिटातली. शेजारची रोझिना म्हणाली, "तुमच्या आईचा हात काही औरच हं." मी मान डोलावली. तुझ्यासाठी भर गावात खोटं बोलले.

पुढच्या मंगळवारी तुझ्याकडे आले. तू बाजारात गेली होतीस. सळई भिंतीवर, लाकडी चौकटीत, वर दिवा. गंज चढला होता तिला. खाली बसून, मान वर न करता, तुझ्या खानावळीतल्या कामाच्या पोरी पाकिटं फोडत होत्या. मला फसवलंस ते एक वेळ गिळलं असतं गं. तू आईला भिंतीवर टांगून तिच्या नावाने पाकिटं खपवलीस.

सळई मी तेव्हाच काढून आणली. घासली, तेल लावलं, आता तिच्यावरच वळते. चौकटीत माझी छत्रीची काडी अडकवून आले. वाटलं, संध्याकाळपर्यंत तुझा फोन येईल, तू भांडशील. आज महिना झाला. कालच्या वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला, त्याच चौकटीकडे बोट दाखवून हसतेयस, आत माझी छत्रीची काडी. म्हणून हे पत्र लिहिलं. जत्रेची फुसिल्ली मी वळीन. काडी तुझ्याकडेच ठेव.

अजूनही तुझीच थोरली,
नुन्झियाता