गाळलेलं वाक्य

प्रिय शार्लटबाई,

तुम्हाला जाऊन शंभरावर वर्षं झाली. तरी आज लिहितेय, कारण मी तुमच्याशी लबाडी केलीय आणि मला खूप भीती वाटतेय.

मी स्वाती. मेलबर्नजवळ पॉइंट कुकला राहते. तुम्ही बहिणीला लिहिलेली पत्रं मी एका संग्रहालयासाठी घरून टाइप करते. नियम एकच, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

काय धीराच्या हो तुम्ही! इंग्लंडात भरल्या सभागृहांत पियानो वाजवलात, मग नवऱ्याबरोबर जहाजाने इथे कार्यक्रम करायला आलात. वाटेत देवीची साथ आली. किनाऱ्यावर सगळ्यांना अडकवून ठेवलं, आजारी पडलेला एडवर्ड एका शेडमध्ये, तुम्ही दुसऱ्या. बोटं आखडू नयेत म्हणून तुम्ही रोज जेवणाच्या टेबलावरच सराव केलात. पुढे चाळीस वर्षं इथल्या मुलींना शिकवलंत. एकदाही परत का गेला नाहीत? बहीण किती वाट बघत होती!

मंगळवारी माझ्या नवऱ्याला, निखिलला, कोविडमुळे हॉस्पिटलात नेलं. मला भेटायला जाता येत नाही. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "अगं, थोडासाच ऑक्सिजन लावलाय. नो वरीज." एवढं बोलताना तो तीनदा थांबला.

त्याच दुपारी तुमचं पुढचं पत्र उघडलं. त्यात ते वाक्य होतं, एडवर्डचं, तुम्ही एकट्या झालात ते. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं आई मला लहानपणापासून बजावत आलीय. माझी बोटंच चालेनात. मी ते वाक्य गाळलं आणि फाइल पाठवून दिली.

काल संग्रहालयातल्या मॅडमचा फोन आला. "सो ही गॉट बेटर! हाऊ लव्हली!"

मी "येस" म्हणाले. बाई, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एडवर्ड नव्हता.

तुम्ही तर त्या दिवशीही टेबलाशी बसलात, तसं लिहिलंयत. कसं जमलं हो? मला कुकर लावायलाही उठवत नाही. फोन वाजला की आधी हॉस्पिटलचा नंबर नाही ना, ते बघते.

पण ते दुःख तुमचं होतं. ते पुसणारी मी कोण? म्हणून शब्द देते, निखिल घरी यायची वाट न बघता उद्या सकाळीच ते वाक्य जागच्या जागी टाइप करीन. फक्त तेवढ्यापुरती लॅपटॉप घेऊन बाहेर गाडीत जाऊन बसेन.

घरात नाही, बाई. घरात नाही.

तुमची घाबरट टायपिस्ट,
स्वाती