शीलाच्या नावाची मूठ

प्रकाशा,
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. शीला हिस,
दादाचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार.

तुझी राखी वेळेवर पोचली. काल आमच्या काजलने ती आत्याच्या वतीने मला बांधली. आईचे गुडघे सोडले तर घरी सगळं ठीक आहे. तापी भरून वाहते आहे, कापूसही बरा आहे. फोनवर आई शेजारी असते आणि तिच्यासमोर मला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितो.

पक्षाला माफीचं लिहून दिलं तर परत घेतील, देऊ का, असं तू विचारलं होतंस. मी तेव्हा पावसाचं बोलत राहिलो.

तुझं भाषण मी मोबाईलवर पाहिलं. अपंगांची मदत कापायचा कायदा तुझ्याच पक्षाच्या सरकारने आणला आणि तू त्यांच्यासमोर उभं राहून नाही म्हणालीस, म्हणून त्यांनी तुला बाहेर काढलं. इंग्रजी मला फारसं कळलं नाही, पण तुझा आवाज कळला. नाशिकला नर्सिंग शिकून तू तिकडे विलायतेला गेलीस आणि पहिल्याच वर्षी सफाईच्या बायकांच्या संपात हॉस्पिटलच्या गेटवर उभी राहिलीस. बाबा किती घाबरले होते. पुढे युनियन, मग नगरसेवक, मग खासदार. पण तू त्या बायकांची बाजू कधी सोडली नाहीस. केदारेश्वराकडे मी तुझ्यासाठी पद कधी मागितलं नाही. हिचं तोंड बंद होऊ देऊ नकोस, एवढंच मागितलं.

तू निवडून आलीस तेव्हा आपल्या भाऊबंदांतले मोठे, चुडामणकाका, त्यांनीच बसस्टँडवर तुझा बॅनर लावला होता. आता तेच चारचौघांत म्हणतात, "तुन्ही बहीन काय करी ऱ्हायनी तठे? पक्षनं खावानं आन पक्षलेच शिव्या देवान्या?" लोक हसतात. मीही हसायचो.

यंदा श्रावणातली कानबाई देवी आपल्या घरी बसली. तुला आठवत असेल, कुळातल्या सगळ्या भाऊबंदांचे नैवेद्याचे रोट एकत्र होतात आणि त्या पोळ्यांसाठी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घालतात. मोजायला मी होतो. सगळी नावं झाली आणि मी तुझं नाव घेऊन मूठ टाकली. ठरवलं नव्हतं. हात गेला.

"हाई कोन्हं?" काकांनी विचारलं.

"शीलानं."

"लगीन व्हयेल पोरनं? गोरानी बायकोनं?"

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "चुडामणभाऊ, कानबाई बी कोनी तरी पोरच शे ना? मंग तिले घरमा कशाले आनतस तुम्ही?"

जन्मभर देवीचे नेम पाळलेली आपली आई. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

काका मला म्हणाले, "चूक व्हयनी म्हन, हेमकांत. मिटी जाई."

माझ्याने म्हणवलं नाही. काका उठले आणि त्यांच्यामागे सगळे भाऊबंद उठून गेले. देवीच्या नावाने एकत्र झालेलं धान्य परत नेता येत नाही, म्हणून ते तेवढं राहिलं.

डिसेंबरात काजलचं लग्न आहे. भाऊबंद मांडवात येतील की नाही, माहीत नाही. माफी मागून टाकावी म्हणून मी दोनदा काकांच्या ओट्याकडे निघालो. एकदा तर शब्दही जुळवून ठेवले होते. निघताना काजलने विचारलं, "मग आत्याला काय सांगाल, पप्पा?" तिचं लग्न, आणि तीच असं विचारते. मी अर्ध्या वाटेतून परत आलो.

रोट कुळाबाहेर देता येत नाहीत आणि पौर्णिमेपर्यंत संपवावे लागतात. सगळ्या भाऊबंदांचे रोट आणि खाणारे आम्ही चौघं. सकाळी रोट, संध्याकाळी रोट. गंगाफळाच्या भाजीचा आता वाससुद्धा नको वाटतो. परवा काकांचा धाकटा धुडकू मागच्या दाराने आला आणि सरळ पाटावर बसला. म्हणाला, "बाबाले सांगू नको. शीलाताईना वाटाना दे मले." आईने त्याला जवळ बसून वाढलं.

तेव्हा शीला, माफीबद्दल तुला शहाणपणाचं काही सांगणं मला जमणार नाही. मी मागितलेली नाही, एवढं सांगतो. तू तुझ्या मनाने कर. पक्ष तुला घेवो न घेवो, दर श्रावणात इथे तुझ्या नावाचे गहू पडतील, मग मोजायला मी एकटा उरलो तरी चालेल.

तुझा भाऊबंद,
हेमकांत