नवापूरचे तीन गुंठे

६ जुलै १९८६, रविवार

खोली सोडायची आहे. मालक आज दारातच उभे राहून सांगून गेले. पोराचं लग्न येत्या अक्षय्य तृतीयेला, त्याआधी मोकळी करा. नऊ वर्षं या सालवडच्या चाळीत काढली, आणि मेल्याने चहासुद्धा घेतला नाही.

जेवताना हे म्हणाले, "भाडं भरणं पुरे. आता स्वतःचं घ्यायचं." माझा घास हातातच राहिला. स्वतःचं! माझ्या पाटल्या, ह्यांचा फंड आणि सासूबाईंनी ट्रंकेत दडवलेले, सगळं धरून बावीस हजार होतात. त्यात जागाही आणि भिंतीही. मला तर माडी हवी. एवढीशी, पण खिडकी असलेली. ही गोष्ट मी कुणाला बोलले नाही, इथेच लिहिते.

१३ जुलै

बोईसरला स्टेशनजवळची नवी बिल्डिंग पाहिली. तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. नळ सोडला तर नुसती हवा आली. बिल्डरचा माणूस म्हणतो, "पानी आ जाएगा, भाभीजी." कधी, ते नाही सांगितलं. किंमत ऐकून ह्यांनी जिन्याची वाट धरली. खाली उतरल्यावर म्हणाले, "आपल्या पैशांत हा जिना येईल फक्त."

मी गच्चीवर मात्र जाऊन आले. केवढं दिसतं वरून! आमची चाळ, कारखान्यांची धुराडी, भातखाचरं. नऊ वर्षं मी कुठे राहते ते आज कळलं.

२० जुलै

मासवण. जमीन स्वस्त आणि हिरवीगार. सूर्या नदी काठोकाठ चाललेली, बघतच राहिले. पण ह्यांच्या तिन्ही पाळ्या. फिटरला कंपनीतून कधीही बोलावणं येतं आणि एसटी आपल्या मर्जीने. सासूबाई म्हणाल्या, "रोज एवढी सायकल मारायला तो काय पोस्टमन आहे?" मासवण बाद.

२७ जुलै

आज जे पाहिलं ते नीट लिहायलाच हवं.

ह्यांच्या कंपनीतला प्रताप. त्याच्या काकांची नवापूरला जागा आहे, तीन गुंठे. कागद चोख, किंमत आपल्या आवाक्यातली. पाऊस थांबला होता म्हणून सगळेच गेलो. कोळीवाड्याची गल्ली संपली, आणि पुढे काहीच नाही. म्हणजे नुसतं मोकळं मैदान, आणि त्याच्या पलीकडे समुद्र.

पालघरात जन्मले मी, पण समुद्र पाहिला तो एकदाच, शाळेच्या सहलीत केळव्याला. तेव्हा बाईंनी सगळ्यांना दोरी धरून उभं केलं होतं. आज दोरी नव्हती. राखाडी पाणी आभाळापर्यंत चढलेलं, आणि आवाज पायांतून वर येतो. माझ्या लेकीने, उषाने, माझा पदर घट्ट धरला, आणि खरं सांगायचं तर मी सासूबाईंचा दंड.

होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या. मैदानात चिटपाखरू नाही. हे पावलं टाकून जागा मोजत होते आणि मी मनात माडी चढून खिडकी उघडली होती. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "एवढी चांगली जागा रिकामी कशी राहिली?"

कुणी लक्ष दिलं नाही.

८ ऑगस्ट

पालघरला कचेरीत खरेदीखत झालं. ह्यांनी कागद दोनदा वाचून सही केली. मी न वाचताच. पण घरी येऊन देवापुढे कागद ठेवला तेव्हा रडू आलं.

५ ऑक्टोबर, रविवार

गवंड्याला घेऊन नवापूरला गेलो. गल्ली संपली, आणि मी चुकीच्या गावात आले की काय असं वाटलं.

आमच्या जागेवर रानच उभं! बांबूचे खांब, खांबांना आडवे बांबू, रांगांमागून रांगा, आणि प्रत्येकावर बोंबील लटकलेले. दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून आडव्या बांबूवर टाकलेले. हजारो. ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं, आणि वारा आला की सगळे एकदम हलायचे. रागवायला हवं होतं. मी आ वासून बघत राहिले.

याला वलांडी म्हणतात. पावसात मासेमारी बंद, म्हणून वलांडी उतरवून ठेवतात. आम्ही गेलो ते नेमके तेव्हा! बाकी नऊ महिने हे मैदान रिकामं नसतंच. इथलं शेंबडं पोरही सांगेल.

हे ओरडले, "ही आमची जागा आहे!" एका उंच, काळ्यासावळ्या बाईने हातातला बोंबील आधी टांगला, मग वळून पाहिलं. "हाय ना. आमी कुटं नाय म्हंतो?" आणि पुढचा बोंबील उचलला. ती साखरबाई.

६ ऑक्टोबर

प्रताप म्हणतो, काका दर शिमग्याला टोपलीभर सुके बोंबील घ्यायचे आणि गप्प बसायचे, कोळ्यांशी कागद कसलाच नाही. हे म्हणाले, "मग झालं. तारेचं कुंपण घालू."

कायद्याने बरोबर. मला जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर

हे पाळीला गेल्यावर सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "चल. त्या बाईशी बोलून येऊ." माझ्या सासूबाई! शेजारणीशी नळावरून दोन वर्षं ज्या बोलत नाहीत, त्या!

साखरबाई काम करता करता बोलली. तिची सासू इथेच सुकवायची, सासूची सासूपण. या मैदानावर सात घरं जगतात. मी विचारलं, कुंपण घातलं तर कुठे जाल? तिने खाडीकडे हात केला. तिकडे ओल असते, माल कुजतो.

मग म्हणाली, "बाय, जागा तुजी, कागद तुजा. पन ऊन कोनाच्या कागदात लिवलेलं नाय. तू घर बांद. सावली तेवडी आमच्या मालावर पाडू नुको."

सावली! घराला सावली असते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

ह्यांना कसंबसं नेलं. मैदानाच्या गल्लीकडच्या, उत्तरेच्या कोपऱ्यात साखरबाईने लांब बांबू उभा धरला. "ही तुजी माडी." (मी तिला सांगून बसले होते. ह्यांना आज कळलं.) सकाळचे आठ. सावली सरळ दोन रांगांवर जाऊन पडली. मग तिने आखूड बांबू घेतला, बैठ्या घराएवढा. सावली पहिल्या रांगेच्या अलीकडे थांबली.

ती म्हणाली, "मार्गशीर्षात आजून लांब जाते. चार पावलं जास्ती धर." आणि सावलीच्या टोकापासून मोजून, पहिल्या रांगेच्या अलीकडेच टाचेने वाळूत रेघ ओढली. सावली या रेघेपलीकडे नको; बांबूच्या मागे कितीही बांधा, पुढे नको.

हे हसले. "वहिनी, असं पावलांनी माप होतं का?" ती म्हणाली, "ये मार्गशीर्षात."

२१ डिसेंबर, रविवार

ह्यांनी कंपनीतली मोजपट्टी आणली. तोच आखूड बांबू, तोच कोपरा, सकाळचे आठ. सावली साखरबाईच्या रेघेपासून दीड इंच अलीकडे थांबली. तिने तिथे एक खुंटी मारून ठेवली होती.

ह्यांनी खाली बसून खुंटीपर्यंतचं अंतर पुन्हा एकदा मोजलं. मग उठून साखरबाईला नमस्कार केला. फिटर माणूस, मापापुढेच नमणार. आमच्या कंपनीत हिच्यासारखं एकही माणूस नाही, असं वाटेत दोनदा म्हणाले.

कुंपण नाही. घर कोपऱ्यात, बैठं. माडी नाही.

२२ डिसेंबर

माडी नको असं माझंच ठरलं होतं, तरी वाईट वाटलं. वाटायचंच.

२६ एप्रिल १९८७

राहायला येऊन तीन आठवडे झाले. दोन खोल्या, कौलं, पुढे पडवी. चुन्याचा वास जातो न जातो तोच बोंबलांचा आला आणि मुक्कामालाच राहिला. उषाला शाळेत पोरी नाक धरून दाखवतात म्हणे.

समुद्र ऐकू येतो. दिसत नाही. दार पश्चिमेला, पण दारासमोर वलांडी, तिच्यामागे वलांडी. समुद्राकाठी घर घेऊन मी बोंबलांच्या शेपट्या बघत भाजी निवडते. माडी असती तर— जाऊ दे. साखरबाई रोज सकाळी मूठभर जवळा ठेवून जाते आणि सासूबाई तिला पडवीत बसवून चहा देतात.

७ जून, रविवार

बायका पहाटेपासून खांब काढत होत्या, मला झोपेत कळलंच नाही. उठून दार उघडलं, तर उंबरठ्यापासून आभाळापर्यंत सगळा समुद्र. सासूबाई आधीच पडवीत बसलेल्या, चहा हातात, न पिता. मीही शेजारी बसले.

साखरबाई शेवटचा बांबू खांद्यावर टाकून निघाली. आमच्याकडे बघून म्हणाली, "आता नारली पुनवेपतूर सगला तुमचा."